फूटपाथ नफ्यात चालतो का?

"बेस्ट तोट्यात आहे हो, खाजगी करून टाका एकदाची!"

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत ऑफिसात जेवणाच्या टेबलावर इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने डबा उघडला की मला ते आपोआप ऐकू यायला लागतं. बोलणारे सगळे हुशार लोक आहेत. इंजिनिअर आहेत, दोघंतिघं एमबीए पण आहेत. स्वतः बसने शेवटचं कधी गेले ते त्यांना आठवत नाही, पण बस कशी चालवावी हे मात्र तोंडपाठ. युक्तिवाद ठरलेला. सरकारी म्हणजे तोटा, तोटा म्हणजे आळस, आळशाला मालक पाहिजे, मालक आला की नफा, नफा आला की सेवा सुधारते. कसं एकातून एक निघत जातं! मला यातली एकही कडी धड वाटत नाही, म्हणून आजचा शनिवार यावर.

आधी तो 'तोटा' बघू.

मुंबई महापालिकेने कोस्टल रोड बांधला. खर्च जवळजवळ १४,००० कोटी रुपये. मार्च २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्यावर टोल नाही. म्हणजे तिकीटविक्रीतून त्याचं उत्पन्न शून्य. आणि वर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. तेव्हा तो मुख्यतः कोणासाठी आहे हे सांगायला नकोच. तुम्ही कधी 'कोस्टल रोड तोट्यात' अशी बातमी वाचलीत? उड्डाणपूल तोट्यात? फूटपाथ तोट्यात? (फूटपाथ शिल्लक असेल तर.) आता त्याच महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प घ्या. एकूण ७४,४२७ कोटी. त्यातून बेस्टला किती? १,००० कोटी. म्हणजे शंभर रुपयांतला सव्वा रुपया आणि वर थोडी चिल्लर. त्या सव्वा रुपयासाठी बेस्टला दरवर्षी भिकाऱ्यासारखं दारात उभं करतात आणि सगळे मिळून तिला तोट्याचा हिशेब ऐकवतात. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

गंमत अशी की बेस्ट तिकीट घेते म्हणून तिचा हिशेब मांडता येतो, आणि हिशेब मांडता येतो म्हणून तोटा निघतो. कोस्टल रोडने तिकीटच ठेवलं नाही, त्यामुळे त्याचा 'विकास' झाला.

याचा अर्थ पैसे कसेही उधळा असं मी म्हणत नाहीये. डेपोत गाड्या उभ्या सडत असतील, सुट्या भागांच्या खरेदीत कोणी खात असेल तर त्याला धरा, जरूर धरा. पण ती चोरी झाली. बसमध्ये बसलेल्या बाईकडून पूर्ण खर्च वसूल झाला नाही, हा तोटा नव्हे. ती बाई कुणाच्या तरी घरी कामाला, कुणाच्या तरी दुकानात उभी राहायला, कुणाच्या तरी आजाऱ्याला सांभाळायला चाललेली असते. तिच्या तिकिटाचा फायदा फक्त तिला होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी आपली कामवाली आठवडाभर आली नाही तर काय होतं ते आठवावं.

थोडा इतिहास. बेस्ट जन्मली ती खाजगी कंपनी म्हणून, १९०५ साली. वीज आणि ट्राम असा दुहेरी धंदा होता. विजेची ट्राम १९०७ मध्ये, बस १९२६ मध्ये. स्वातंत्र्याच्या बरोबर आठ दिवस आधी, ७ ऑगस्ट १९४७ ला, मुंबई महापालिकेने ती विकत घेतली. तेव्हापासून ती आपली. पुढची कित्येक वर्षं व्यवस्था साधी होती, शहर भागात बेस्टची वीज, त्यात चार पैसे सुटायचे, ते बसला लावायचे. २००३ च्या वीज कायद्यानंतर ही सोय अडचणीत आली. विजेच्या बिलात बसचा तोटा का, असा प्रश्न ग्राहकांनी विचारला. प्रश्न चुकीचा होता असं नाही. कुलाब्याच्या माणसाने दहिसरच्या बसचे पैसे विजेच्या बिलातून का द्यावेत? पण ती वसुली निदान बिलावर छापलेली असायची. भांडायला एक ओळ होती. ती वसुली शेवटी बंद झाली, आणि तिच्या जागी दुसरी पक्की व्यवस्था लावायची असते हे मात्र सगळे सोयीस्करपणे विसरले. मग बेस्ट महापालिकेकडे हात पसरायला लागली आणि महापालिकेने अट घातली: स्वतःच्या गाड्या घेऊ नका, भाड्याने घ्या.

इथे आमच्या धंद्याचा थोडा संबंध येतो, म्हणून जरा खोलात जातो.

भाड्याने म्हणजे नुसती गाडी भाड्याने नव्हे. गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, दुरुस्ती ठेकेदाराची. बेस्ट त्याला किलोमीटरमागे पैसे देते. तिकिटाचे पैसे बेस्टला, रूट बेस्टने ठरवायचा. बाहेर रंग तोच, नाव तेच. 'वेट लीज' म्हणतात याला. जानेवारी २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांचा नऊ दिवसांचा संप झाला. त्यानंतर जूनमध्ये युनियनबरोबर करार झाला. त्यात ठरलं की भाड्याच्या गाड्या येऊ देत, पण बेस्टच्या स्वतःच्या ३,३३७ गाड्या राहतील. राहिल्या का? २०२५ मध्ये स्वतःच्या गाड्या हजाराच्या खाली गेलेल्या होत्या आणि भाड्याच्या धरूनही एकूण ताफा तीन हजारांच्या आत होता. कधी काळी चार हजारांहून जास्त होत्या! मधल्या काळात ताफा १०,००० वर नेण्याच्या घोषणा चालू होत्याच. सप्टेंबर २०२३ मध्ये शेवटची डिझेल डबलडेकर निघाली तेव्हा लोकांनी तिला हार घातले, सेल्फी काढले, डोळे पुसले. मलाही वाईट वाटलं. पण तिच्या मागे साध्या एकमजली गाड्या शेकड्याने भंगारात जात होत्या, त्यांना कोणी हार घातला नाही.

तर आमचा धंदा. मी सर्व्हिस कंपनीत काम करतो, आणि आउटसोर्सिंग म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. आम्ही जे सॉफ्टवेअर लिहितो ते वापरणारा माणूस आमचा ग्राहक नसतो. करारावर सही करणारा आमचा ग्राहक असतो. करारात लिहिलं असेल की तक्रारीला चार तासांत उत्तर द्यायचं, तर आम्ही चार तासांत उत्तर देतो: "आपली तक्रार मिळाली, आम्ही पाहतो आहोत." घड्याळ थांबलं, दंड वाचला. तक्रार सुटली का? ते करारात नव्हतं. यात आम्ही काही राक्षस नाही. ज्याचे पैसे मिळतात ते माणूस करतो, एवढंच.

आता हाच चष्मा लावून स्टॉपवर उभे राहा. ज्याला किलोमीटरचे पैसे मिळतात त्याला स्टॉपवर थांबून माणूस घेण्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. गाडी रिकामी धावली काय आणि भरून धावली काय, त्याचं बिल तेच. म्हणजे जो खाजगी मालक आल्यावर 'ग्राहक राजा होतो' असं जेवणाच्या टेबलावर सांगतात, त्या मालकाचा ग्राहक प्रवासी नाहीच मुळी! त्याचा ग्राहक बेस्ट. प्रवासी म्हणजे त्याच्या दृष्टीने गाडीत चढणारं वजन. आणि बेस्टला विचारायला जावं तर गाडी तिची नाही, ड्रायव्हर तिचा नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो हाच.

खर्च कमी होतो ना पण? होतो, कागदावर होतो. कुठून होतो तेही बघा. इंजिन तेच, खड्डे तेच, ट्रॅफिक तेच. मोठा फरक पडतो ड्रायव्हरच्या पगारात. तीच गाडी, तोच रूट, आणि शेजारच्या बेस्टच्या ड्रायव्हरपेक्षा कितीतरी कमी पगार. ऑगस्ट २०२३ मध्ये ठेकेदारांच्या ड्रायव्हरांनी काम बंद केलं तेव्हा हीच मागणी होती. आठवडाभर मुंबईत बसचे हाल झाले. त्याच्या आधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, एका ठेकेदाराच्या अडीचशेहून जास्त गाड्या रस्त्यावरून गेल्या त्या गेल्याच. त्याला परवडत नव्हतं. बरोबर आहे, कंपनी आहे, परवडलं नाही तर धंदा बंद करण्याचा तिला हक्कच आहे. पण त्या रूटवरच्या माणसाला "मला नाही परवडत, मी आजपासून ऑफिसला जात नाही" असं म्हणता येत नाही. आणि स्वतःच्या गाड्याच नसतील तर बेस्ट त्या जागी पाठवणार काय?

९ डिसेंबर २०२४ ला रात्री कुर्ल्यात एस. जी. बर्वे मार्गावर भाड्याची इलेक्ट्रिक बस माणसांवर, गाड्यांवर चढत गेली. सात माणसं गेली, नंतर तो आकडा आणखी वाढला. ड्रायव्हरला लगेच अटक झाली. मग बातम्यांतून कळायला लागलं की अशी मोठी इलेक्ट्रिक गाडी चालवण्याचं त्याचं प्रशिक्षण किती जुजबी होतं. प्रशिक्षण कोणी द्यायचं? ठेकेदाराने. ते झालं की नाही हे कोणी बघायचं? अर्थातच बेस्टने. आपल्याकडे वड्याचं तेल वांग्यावर काढायची सवय आहे, त्यामुळे सगळ्यात खालच्या माणसाला धरलं की प्रकरण मिटल्यासारखं वाटतं. ड्रायव्हरची चूक नव्हती असं मला म्हणायचं नाही, ते कोर्ट बघेल. पण आमच्याकडे नवीन पोराने चुकून अख्खा डेटाबेस उडवला तर पहिला प्रश्न असतो की याला तिथे हात लावायची परवानगी दिली कोणी? एवढी अक्कल सॉफ्टवेअरवाल्यांना आहे.

"अरे पण हे अर्धवट खाजगीकरण आहे, पूर्ण कर, मग बघ." हा पुढचा मुद्दा येतोच. तर मुंबईत तेही करून झालंय. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो. ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं, ८ जून २०१४ ला सुरू. त्यात एमएमआरडीएचा हिस्सा २६ टक्के, बाकी खाजगी. आधीच सांगतो, ही मेट्रो चालते चांगली. वेळेवर येते, स्वच्छ असते. त्याबद्दल चालवणाऱ्यांना पूर्ण मार्क. पण भाड्याचं बघा. एमएमआरडीएच्या म्हणण्याप्रमाणे करारात भाडं ठरलं होतं ९, ११ आणि १३ रुपये. मेट्रो सुरू होताना कंपनीने लावलं १० ते ४० रुपये. हे कसं काय? तर मधल्या काळात या मार्गाला केंद्राचा २००२ चा मेट्रो कायदा लागू झाला होता, आणि त्या कायद्यात सुरुवातीचं भाडं मेट्रो चालवणाऱ्यानेच ठरवायचं असं कलम आहे. झालं! सरकार कोर्टात गेलं, कोर्टाने भाडं थांबवलं नाही. मग भाडं ठरवायला समिती बसली, तिने २०१५ मध्ये ११० रुपयांपर्यंत जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. हायकोर्टाने ती शिफारस २०१७ च्या डिसेंबरात रद्द केली. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने ही मेट्रो सुमारे ४,००० कोटींना विकत घ्यायचं ठरवलं, आणि जूनमध्ये ते रद्द केलं. या सगळ्या वर्षांत कंपनी म्हणते आम्ही तोट्यात, सरकार म्हणतं कंपनीने करार मोडला, लवाद कंपनीला पैसे द्यायला सांगतो. आणि अंधेरीच्या जिन्यावर ढकलाढकली करणारा माणूस? तो या कुठल्याच दाव्यात वादी नाही आणि प्रतिवादीही नाही. खाजगी केल्यावर तोटा संपतो म्हणत होता ना? तोटा तिथेही आहे. फक्त आता तो व्याजासकट येतो.

मी काही 'सरकारी तेच चांगलं' या पंथाचा नाही. एसटीच्या तिकिटातून राज्य सरकार स्वतःच साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आलंय, आणि पुन्हा एसटी तोट्यात म्हणून तिलाच झोडत आलंय. हा पराक्रम करायला खाजगी मालक लागला नाही. उलट, लंडनमधल्या लाल बस चालवतात खाजगी कंपन्याच. पण रूट, वेळापत्रक, भाडं हे सगळं शहराच्या वाहतूक संस्थेच्या हातात. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट: पाठोपाठ बस असलेल्या रूटवर प्रवाशाला स्टॉपवर ठरल्यापेक्षा किती जास्त थांबावं लागलं हे मोजतात, आणि ठेकेदाराचं बक्षीस किंवा दंड त्यावर. किलोमीटरवर नाही, थांबण्यावर! बाकी ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये बस बाजारावर सोडून दिली होती, ज्याला जिथे नफा दिसेल तिथे त्याने चालवावी. मँचेस्टरने सप्टेंबर २०२३ पासून जानेवारी २०२५ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने परत स्वतःच्या ताब्यात घेतली. गाड्या तिथेही कंपन्याच चालवतात. पण बस आली नाही तर लोक महापौराला पकडतात, आणि महापौराला निवडणूक लढवायची असते.

घोडं इथेच पेंड खातं. ९ मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं, एसीचं ६ वरून १२. थेट दुप्पट! २०१९ मध्ये भाडं कमी केलं होतं, ते किती काळ तसंच ठेवता येईल हा वाजवी प्रश्न आहे, वाढ नकोच असं मी म्हणणार नाही. पण ही वाढ केली कोणी? मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. तेव्हापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत मुंबईत एकही नगरसेवक नव्हता. बेस्ट समितीही नव्हती. जवळजवळ चार वर्षं! ठेकेदार पळाले, ड्रायव्हर संपावर गेले, कुर्ल्याचा अपघात झाला, भाडं दुप्पट झालं, आणि या सगळ्या काळात ज्याच्या घरासमोर जाऊन ओरडावं असा लोकांनी निवडलेला एक माणूस त्या खुर्चीत नव्हता. अधिकाऱ्यांनी ठरवलं, अधिकाऱ्यांनी मंजूर केलं. आपण ज्याला 'सार्वजनिक मालकी' म्हणतो त्याची ही अवस्था. सात-बाऱ्यावर नाव आपलं आणि शेतात पाय ठेवायची सोय नाही.

म्हणून 'सरकारी की खाजगी' या भांडणात मला आता रस उरलेला नाही. मला विचारायचंय ते एवढंच की पावणेआठची बस आली नाही, तर उद्या कोणाची झोप उडणार? आज उत्तर आहे: फक्त माझी.

आता निवडणूक झाली आहे, नगरसेवक आले आहेत. तेव्हा मागण्या तरी नीट करू या. ठेकेदारांबरोबरचे करार, दंडाच्या कलमांसकट, मराठीत, वेबसाइटवर टाका. पैसा आमचा आहे, व्यापारी गुपित वगैरे सांगू नका. गाड्यांना जीपीएस आहे, मोबाईलवर बस हलताना दिसते, म्हणजे कुठली फेरी झाली आणि कुठली झालीच नाही ही माहिती कुठल्यातरी सर्व्हरवर पडलेली आहेच. ती डेपोवार, रूटवार, दर महिन्याला लोकांपुढे ठेवा. आणि नुसती वेबसाइटवर नको, स्टॉपवर कागद चिकटवा: मागच्या महिन्यात या रूटच्या इतक्या फेऱ्या ठरल्या होत्या, इतक्या झाल्या, इतका दंड कापला. हे काम अवघड नाहीये हो. माझ्यासारखे दोघं बसवले तर फार तर महिन्याभराचं आहे, आणि आम्ही फुकट करू. भाडेवाढ निवडून आलेल्या सभागृहात मतदानाने व्हावी, कोणी हात वर केला ते नावानिशी कळावं. ठेकेदाराच्या ड्रायव्हरला बेस्टच्या ड्रायव्हरएवढाच पगार. मग बघू ठेका खरंच किती स्वस्त पडतो ते. आणि स्वतःच्या गाड्या घ्या. ३,३३७ हा आकडा मी काढलेला नाही, तुम्हीच सही केलेला आहे.

ज्यांना ही यादी महाग वाटते त्यांनी सोमवारी सकाळी नऊ वाजता कुर्ला स्टेशनबाहेर बसच्या रांगेत अर्धा तास उभं राहावं. जेवणाच्या टेबलावर मंगळवारी बोलू.